नाव चुकलं ते चुकलंच: लाओ लिपीतल्या चार अक्षरांची गोष्ट

गेल्या वर्षी माझ्या एका तक्त्यात पाऊस आणि आग यांची अदलाबदल झाली होती. तीन आठवडे मला त्याचा पत्ता नव्हता.

झालं असं. लाओ भाषेतला मजकूर घ्यायचा आणि प्रत्येक शब्दाचा उच्चार सुरासकट लिहून देणारा छोटासा प्रोग्राम करायचा, एवढंच काम होतं. त्यासाठी प्रत्येक व्यंजन कोणत्या वर्गातलं आहे हे प्रोग्रामला सांगावं लागतं. मी आळस केला. युनिकोडमधल्या अक्षरांच्या अधिकृत नावांतच वर्ग लिहिलेला दिसला. नावात ‘सुंग’ असेल तर उच्च वर्ग, ‘ताम’ असेल तर निम्न वर्ग. दोन ओळींत काम झालं. मी खूश!

मग आमच्या विभागातल्या एका लाओ बोलणाऱ्या मैत्रिणीने तक्ता पाहिला आणि म्हणाली, “तुझा पाऊस आगीच्या रांगेत का उभा आहे?”

प्रोग्राममध्ये चूक नव्हती. चूक युनिकोडच्या नावात होती. आणि ती आज, उद्या, कधीच सुधारली जाणार नाही, हे अधिकृतरीत्या ठरलेलं आहे.

तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, पेटचा अभ्यास चालू असेल, विषय शोधत असाल, तर ही गोष्ट तुमच्यासाठी आहे. लाओ तुम्हाला कधी लागेल न लागेल. पण ‘अधिकृत’ असं लेबल लावलेली माहिती आपण किती डोळे झाकून उचलतो, आणि ती टीकेच्या नजरेने वाचायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे या चार अक्षरांवरून फार छान शिकता येतं.

आधी लाओबद्दल थोडं

लाओ लिपी आपल्या नात्यातलीच आहे. दक्षिण भारतातली पल्लव लिपी, तिच्यावरून ख्मेर, आणि त्या घराण्यातून पुढे थाई आणि लाओ. त्यामुळे वर्णमालेचा क्रम आपल्याला ओळखीचा वाटतो. आधी कंठातली अक्षरं, मग टाळूची, दातांची, ओठांची.

फरक पुढे आहे. लाओत सूर महत्त्वाचा. तोच उच्चार वेगळ्या सुरात केला की अर्थ बदलतो. आणि सूर ठरतो तीन-चार गोष्टींवरून: सुरुवातीचं व्यंजन कोणत्या वर्गातलं (उच्च, मध्य की निम्न), स्वर ऱ्हस्व की दीर्घ, शब्दाचा शेवट कसा, आणि वर सुराची खूण आहे की नाही.

म्हणूनच लाओत एकाच उच्चारासाठी दोन-दोन अक्षरं आहेत. एक उच्च वर्गातलं, एक निम्न वर्गातलं. हे कसं घडलं ते आपल्याला समजायला सोपं आहे. मूळ वर्णमालेत फ आणि ब वेगळे होते. पुढे थाई-लाओ भाषांमध्ये जुन्या ब चा उच्चार फ सारखा होऊ लागला. दोन्ही अक्षरांचा उच्चार सारखा झाला, पण जुना फरक सुराच्या रूपाने शिल्लक राहिला. म्हणून ‘बुद्ध’ हा शब्द लाओत ‘फुत’ असा ऐकू येतो, पण लिहिताना त्यात निम्न वर्गातला ‘फो’ असतो, जो वंशाने आपला ब आहे. म्हणजे ‘सुंग’ (उंच) आणि ‘ताम’ (खालचा) ही नुसती टोपणनावं नाहीत. त्यांत त्या अक्षराचा इतिहास आणि व्याकरण दोन्ही भरलेलं आहे.

लिहिण्याच्या सोयीसाठी एक ठरवू या. ‘फळ’ मधल्या उच्चाराचं अक्षर मी ‘फो’ लिहीन, आणि ‘फॅन’ मधल्या उच्चाराचं, खाली टिंब देऊन, ‘फ़ो’ लिहीन. युनिकोडचे क्रमांक सहसा सोळाच्या पायावर लिहितात, मी इथे आपले साधे दशमान आकडे देते.

चूक नेमकी कुठे आहे

लाओत दोन फ़ो आहेत. एक ‘फ़ो फ़ोन’, म्हणजे पावसाचा फ़ो. तो उच्च वर्गातला. दुसरा ‘फ़ो फ़ाय’, म्हणजे आगीचा फ़ो. तो निम्न वर्गातला. आपण ‘क कमळाचा, ख खटाऱ्याचा’ म्हणतो, तसंच हे. लाओ मुलं शाळेत असंच शिकतात.

युनिकोडमध्ये पावसाचा फ़ो ३७४१ क्रमांकावर आहे आणि त्याचं अधिकृत नाव आहे ‘लाओ अक्षर फ़ो ताम’. आगीचा फ़ो ३७४३ वर आहे आणि त्याचं नाव ‘लाओ अक्षर फ़ो सुंग’. बरोबर उलटं. उंचाला खालचा म्हटलंय आणि खालच्याला उंच.

दुसरी जोडी र आणि ल ची. लाओत ल ला ‘लो लिंग’ म्हणतात. लिंग म्हणजे त्यांच्या भाषेत माकड, संस्कृतशी संबंध जोडू नका. र ला वाहनावरून, ‘रोत’ या शब्दावरून, नाव आहे. युनिकोडमध्ये ३७४७ वर र आहे, आणि त्याचं नाव ‘लो लिंग’! ३७४९ वर ल आहे, आणि त्याचं नाव ‘लो लूत’, म्हणजे वाहनाचा. माकड गाडीच्या जागी आणि गाडी माकडाच्या.

र ल ची अदलाबदल मला जास्त बोचते, कारण लाओमध्ये र हे साधं अक्षर नाही. १९७५ मध्ये राजेशाही गेली आणि नवं शासन आलं, तेव्हा हे अक्षर अधिकृत वर्णमालेतून वगळलं गेलं. बोलण्यात र चा ल झालेलाच होता, मग लिहिण्यातही ल च लिहायचा, असा तो विचार. देश सोडून गेलेल्या लोकांच्या लिखाणात र टिकला, आणि पुढे परकी नावं लिहायला तो देशातही परत आला. एखादा शब्द र ने लिहिलाय की ल ने, यावरून तो मजकूर कधीचा आणि कुठला याचा अंदाज बांधता येतो. अशा अक्षराला जगभरच्या संगणकांत शेजाऱ्याचं नाव चिकटलेलं आहे.

पुस्तक न उघडता चूक पकडता आली असती

इथे मला स्वतःवर टीका करायची आहे. कारण हे कळायला मला लाओ यायची गरज नव्हती. पुरावा त्याच यादीत समोर होता.

पहिला पुरावा, शेजारची यादी. युनिकोडमध्ये थाईचा विभाग ३५८४ पासून सुरू होतो आणि लाओचा ३७१२ पासून. फरक १२८. लाओची मांडणी थाईच्या समांतर केलेली आहे, म्हणजे थाई अक्षराच्या क्रमांकात १२८ मिळवले की त्याचं लाओ भावंडं सापडतं. थाईत ‘लो लिंग’ ३६२१ वर आहे. १२८ मिळवा: ३७४९. मग लाओचा ‘लो लिंग’ ३७४९ वर हवा. पण तो ३७४७ वर आहे, जिथे थाई यादीत ‘रो रुआ’, म्हणजे होडीचा र, बसतो. एवढी बेरीज केली असती तरी शंका आली असती.

दुसरा पुरावा, आतली सुसंगती. लाओ यादीत सुंग-ताम अशा सहा जोड्या आहेत: खो, थो, फो, फ़ो, सो, हो. यांतल्या पाच जोड्यांची नावं खऱ्या वर्गाशी जुळतात. एकच जोडी उलटी आहे.

तिसरा पुरावा तर डोळ्यांना दिसतो. पावसाचा फ़ो म्हणजे उच्च वर्गातल्या फो चाच आकार, फक्त एक दांडी उंच काढलेली. आगीचा फ़ो म्हणजे निम्न वर्गातल्या फो ची दांडी उंच काढलेली. मूळ अक्षर आणि त्यावरून केलेलं अक्षर एकाच वर्गातली. म्हणजे ‘फो सुंग’ सारखं दिसणारं अक्षर ‘फ़ो ताम’ कसं असेल?

चौथी गोष्ट माझ्या तपासणीची. मी निकाल तपासले नव्हते असं नाही. दहा-बारा शब्द कोशाशी ताडून पाहिले होते आणि ते बरोबर आले होते. नंतर कळलं की त्यांतले फ़ चे शब्द नेमके पहिली सुराची खूण असलेले होते, जसा ‘बाजू’ या अर्थाचा ‘फ़ाय’. व्हिएंतियानच्या बोलीत ही खूण असली की उच्च वर्ग काय, निम्न वर्ग काय, सूर एकच येतो. म्हणजे वर्ग चुकला तरी उत्तर बरोबर. माझी चाचणी अशा जागी होती जिथे चूक दिसूच शकत नव्हती.

हे वाक्य वहीत लिहून ठेवा: चाचणीचा नमुना निवडताना आधी विचारायचं, ‘माझं गृहीतक चुकीचं असेल तर ते या नमुन्यात दिसेल का?’ दिसणार नसेल, तर ती चाचणी नाही, मनाचं समाधान आहे.

मग सुधारत का नाहीत?

तुम्ही म्हणाल, दोन नावांची अदलाबदल करायला कितीसा वेळ लागतो? इथे आपल्याला युनिकोडची बाजू नीट ऐकून घ्यायला हवी. टीका करताना समोरच्याचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद आधी मांडायचा, हा नियम पाळू या.

युनिकोडचं एक स्थैर्य-धोरण आहे. एकदा अक्षराला क्रमांक दिला की तो बदलायचा नाही, आणि एकदा नाव दिलं की तेही बदलायचं नाही, चुकलेलं असलं तरी. हे आडमुठेपण वाटतं, पण त्यामागे अनुभव आहे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत कोरियन हांगुलची जोडाक्षरं एका ठिकाणी होती. १९९६ च्या २.० आवृत्तीत ती तिथून काढली आणि ११,१७२ अक्षरांचा पूर्ण संच दुसऱ्या जागी बसवला. पुढे रिकाम्या झालेल्या जुन्या जागांवर चिनी अक्षरं आली. म्हणजे जुन्या क्रमांकांनी लिहिलेली कोरियन फाइल आज उघडली तर त्यात असंबद्ध चिनी अक्षरं दिसतील. दस्तऐवज जपणाऱ्याच्या दृष्टीने याहून भयंकर काही नाही. त्यानंतर ठरलं, पुन्हा असं करायचं नाही.

नावाच्या बाबतीतही तोच धोका आहे. नाव फक्त माणसांनी वाचायला नसतं. कितीतरी प्रोग्राम अक्षराला नावाने हाक मारतात. समजा आज ‘फ़ो सुंग’ आणि ‘फ़ो ताम’ ही नावं बदलून बरोबर केली. मग काल लिहिलेला प्रोग्राम ‘फ़ो ताम’ मागेल आणि त्याला दुसरंच अक्षर मिळेल. आणि तेही मुकाट्याने, कोणतीही तक्रार न करता. नाव पूर्णपणे नवं असतं तर निदान ‘सापडलं नाही’ असा निरोप तरी आला असता. अदलाबदलीत तेवढीही खूण मिळत नाही. म्हणजे या चार अक्षरांच्या बाबतीत ‘सुधारणा’ ही चुकीपेक्षा जास्त धोकादायक आहे. हा मुद्दा मला पटतो.

मग त्यांनी मार्ग काढला तो उपनावांचा. मूळ नाव तसंच ठेवायचं, आणि वेगळ्या यादीत एक अधिकृत, दुरुस्त केलेलं उपनाव द्यायचं. त्यानुसार ३७४१ चं उपनाव ‘फ़ो फ़ोन’, ३७४३ चं ‘फ़ो फ़ाय’, ३७४७ चं नुसतं ‘रो’, आणि ३७४९ चं नुसतं ‘लो’.

आता जरा थांबा आणि विचार करा. उपनाव म्हणून थेट बरोबर नाव का नाही दिलं? ३७४१ ला ‘फ़ो सुंग’ का नाही म्हटलं?

कारण ते नाव आधीच गेलेलं आहे. उपनावं आणि नावं एकाच यादीत मोजली जातात, एक नाव दोन अक्षरांना चालत नाही. ‘फ़ो सुंग’ हे नाव चुकीच्या घरात राहतंय, आणि तिथून त्याला कधीच हलवता येणार नाही. बरोबर नाव अस्तित्वात आहे, पण बरोबर अक्षराला ते कधीच मिळणार नाही. म्हणून पाऊस आणि आग यांचा आधार घ्यावा लागला.

तरीही माझी तक्रार आहे

धोरण बरोबर आहे हे मान्य करूनही मला तीन गोष्टी खटकतात.

पहिली. या धोरणात सगळ्या चुका एका मापाने मोजल्या जातात. युनिकोडमध्ये एका कंसाच्या नावात ‘ब्रॅकेट’ च्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या सी आणि के यांची जागा बदललेली आहे. तीही तशीच ठेवली आहे, आणि लोक त्यावर हसतात. हसावंच. त्या चुकीने कुणाचं काही बिघडत नाही, कारण ते नाव वाचून कोणी चुकीचा कंस वापरणार नाही. पण लाओची नावं चुकीची माहिती देतात, आणि ती माहिती अगदी खरी वाटते. एक टंकदोष आहे, दुसरं खोटं विधान आहे. दोन्हींवर इलाज मात्र एकच: दुसऱ्या फाइलमध्ये एक ओळ.

दुसरी. ती ओळ कोणाला दिसते? पायथनला ३७४१ चं नाव विचारा. ते ‘फ़ो ताम’ सांगतं, आणि सोबत एक शब्दही बोलत नाही की बाबा रे, हे नाव चुकलेलं आहे. उलट दिशेने, नाव देऊन अक्षर शोधायला गेलात तर उपनावही चालतं. म्हणजे ज्याला आधीच माहीत आहे त्याला बरोबर उत्तर मिळतं. ज्याला माहीत नाही, ज्याला खरी गरज आहे, त्याला चुकीचं. अक्षरांच्या छापील तक्त्यात टिपा आहेत, हे खरं. पण प्रोग्राम लिहिताना तक्त्याची पीडीएफ उघडून टिपा वाचणारे किती? मी नव्हती वाचली.

तिसरी तक्रार जास्त खोल आहे. लाओ विभागाची मांडणी पाहिली की जाणवतं, ती विचारपूर्वक केलेली आहे. थाईत आहेत पण लाओत नाहीत, अशा अक्षरांच्या जागा मोकळ्या सोडल्या होत्या. गंमत म्हणजे त्या पुढे कामी आल्या. १९३० च्या दशकात व्हिएंतियानच्या बौद्ध संस्थेत महा सिला विरावोंग यांच्या पुढाकाराने पाली ग्रंथ लाओ लिपीत लिहिता यावेत म्हणून जादा अक्षरं तयार झाली होती. २०१९ मध्ये युनिकोडच्या १२.० आवृत्तीत ती आणि त्यांच्यासाठीचं हलन्त-चिन्ह अशी १५ चिन्हं आली, आणि अक्षरं त्या मोकळ्या जागांवर चपखल बसली. जागांचा एवढा विचार झाला, आणि नावं मात्र उलटी राहिली. माझ्या मते याचा अर्थ असा, की रचना तपासली गेली, पण यादी मोठ्याने वाचून पाहिली गेली नाही. पावसाचा फ़ो आणि माकडाचा ल शाळेत शिकलेल्या कोणीही ती यादी एकदा वाचली असती, तर पहिल्या मिनिटाला हसून बोट ठेवलं असतं. आमच्या मैत्रिणीला तेवढाच वेळ लागला.

कायमचं शिक्कामोर्तब करायचं असेल, तर त्याआधीची तपासणीही तितकीच कडक हवी. ‘बदलणार नाही’ हे वचन देणाऱ्याला ‘आधी त्या भाषेच्या माणसाला विचारलं’ हेही सांगता यायला हवं.

हे आपल्या दारातही आहे

हे सगळं दूरचं वाटत असेल तर शेजारी बघा. युनिकोडमध्ये कन्नडच्या ३२९४ क्रमांकाच्या अक्षराचं नाव ‘कन्नड अक्षर फ़’ आहे. प्रत्यक्षात ते जुन्या कन्नडमधलं ळ च्या जवळचं, तमिळमध्ये आजही असलेलं, जीभ वळवून म्हणायचं अक्षर आहे. दक्षिण महाराष्ट्रात जुन्या कन्नडमधले कोरीव लेख आहेत. तुमच्यापैकी कोणी त्यांवर संगणकीय काम करणार असेल, तर या अक्षराशी गाठ पडेल. तेव्हा नावावर जाऊ नका.

आणि मराठी? आपल्या अक्षरांची नावं उलटी नाहीत, पण सापळे आहेत.

‘दऱ्या’ लिहिताना आपण जो आडवा रफार वापरतो, त्यासाठी युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे अक्षर लागतं. त्याच्या टिपेत ते द्राविडी भाषांतला र लिहिण्यासाठी म्हणून नोंदलेलं आहे, आणि त्याचं विघटन ‘र अधिक नुक्ता’ असं होतं. आता समजा तुम्ही हिंदी मजकुरासाठी लिहिलेला एखादा तयार प्रोग्राम घेतलात, जो आधी अक्षरांचं विघटन करतो आणि मग नुक्ते काढून टाकतो. हिंदीत त्याचा उपयोग आहे. मराठीत तो तुमच्या ‘दऱ्या’ चा ‘दर्या’ करून टाकेल. डोंगरातून थेट समुद्रात! आणि प्रोग्राम एकही चूक दाखवणार नाही.

तसंच ‘ॲ’ चं. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी लोक अ लिहून वर चंद्र देत, आणि आजही कितीजण तसंच टाइप करतात. दोन्ही डोळ्यांना सारखे दिसतात. संगणकासाठी ते वेगळे आहेत, आणि युनिकोड त्यांना समान मानत नाही. ‘ॲप’ शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं सापडणार नाही. वर्तमानपत्रांचा मजकूर गोळा करून ‘२००८ नंतर मराठीत हे अक्षर असलेले इंग्रजी शब्द वाढले’ असा निष्कर्ष कोणी काढला, तर आधी विचारा: शब्द वाढले, की नुसता कीबोर्ड बदलला?

तर मग काय करायचं

मी आता कोणतीही तयार यादी, कोश किंवा सांकेतिक तक्ता हातात घेतला की तीन प्रश्न विचारते.

एक, ही माहिती कशासाठी तयार केली होती? युनिकोडचं नाव हे अक्षराची ओळख पटवण्यासाठी आहे, व्याकरण सांगण्यासाठी नाही. आधार कार्डावरच्या नावावरून माणसाचा स्वभाव ठरवत नाही ना आपण, तसंच. मी ओळखपत्राकडून व्याकरण मागितलं, ही माझी चूक. नाव चुकलेलं होतं हा त्यानंतरचा भाग.

दोन, दुरुस्त्या कुठे नोंदवल्या आहेत? प्रत्येक गंभीर स्रोताची चुकांची यादी कुठेतरी असते. कुठे शुद्धिपत्र, कुठे तळटीप, कुठे वेगळी फाइल. मुख्य स्रोत वाचण्याआधी ती शोधा. आणि प्रबंधात आवृत्ती लिहा. ‘युनिकोड वापरलं’ हे वाक्य अपुरं आहे, कोणत्या क्रमांकाची आवृत्ती ते हवं.

तीन, ही भाषा जगणाऱ्या माणसाने हे पाहिलंय का? तीन आठवडे माझ्या मॉनिटरवर जे दिसलं नाही, ते एका मैत्रिणीला चहा पिता पिता दिसलं. हे लिहायला थोडं लाजिरवाणं आहे, पण पद्धतीच्या प्रकरणात मी ते लिहिलंय. मार्गदर्शकांनी विचारलं, “हे ठेवायचं आहे का?” मी हो म्हटलं. माझ्या पानावरची चूक मला सुधारता येते. ती कुठून आली हे लिहून ठेवलं तर पुढचा माणूस तिथे अडखळणार नाही.

एक सोपा गृहपाठ देते. तुमच्या विषयातला, तुम्ही रोज वापरता तो एक अधिकृत स्रोत घ्या: जनगणनेतल्या भाषांची यादी, ग्रंथालयाचं वर्गीकरण, वनस्पतींच्या नावांचा कोश, काहीही. त्यात एक तरी नाव असं शोधा जे चुकलेलं आहे पण आता बदलता येत नाही. मग ते का बदलता येत नाही, याची सगळ्यात भक्कम बाजू अर्ध्या पानात लिहा, आणि त्यानंतरच तुमची तक्रार लिहा. क्रम उलटा करू नका. आधी तक्रार लिहिली की दुसरी बाजू मन लावून लिहिली जात नाही, हा माझा अनुभव.

माझ्या तक्त्यात आता पाऊस पावसाच्या जागी आहे आणि आग आगीच्या. युनिकोडमध्ये मात्र ती दोघं एकमेकांची नावं लावून बसली आहेत आणि तशीच बसतील.